हाड भरण्याआधीची वायर: हिरडीत फट असलेल्या मुलांच्या दातांची तयारी

मूल सात-आठ वर्षांचं असतं. जन्मतः दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन झालेलं, टाळूचंही झालेलं. आईवडील समोर बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'पुढचे दात सरळ कधी होणार?' माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. आत्ता नाही. आत्ता आपण दात सरळ करणार नाही, हाडासाठी जागा करणार आहोत. या दोन कामांतला फरक एकदा लक्षात आला की पुढची दोन वर्षं बरीच सोपी जातात, म्हणून इथे तो सविस्तर मांडतो.

आधी एक खुलासा. ज्या मुलाचा फक्त टाळू दुभंगलेला आहे आणि पुढची हिरडी अखंड आहे, त्याला हाड भरण्याची गरज नसते. बोन ग्राफ्ट (फटीत हाड भरण्याचं ऑपरेशन) लागतो तो फट ओठापासून हिरडीतून टाळूकडे गेलेली असेल तेव्हा. ओठ शिवला, टाळू बंद केला, तरी ज्या हाडात दात रुजतात त्या हाडातली फट तशीच राहते. वरून हिरडीसारखी कातडी दिसते, पण आत हाड नसतं. वरचा जबडा एकसंध नसून दोन तुकड्यांत असतो, आणि फट दोन्ही बाजूंना असेल तर तीन तुकड्यांत. फटीच्या शेजारचा सुळा उगवायला निघतो तेव्हा त्याच्या वाटेत हाडच नसतं. नाकपुडीच्या बुडालाही आधार नसतो. ओठामागे एखादं बारीक भोक उरलेलं असेल तर पाणी तिथून नाकात जातं. सर्जन कमरेच्या हाडातला मऊ, जाळीदार भाग काढून या फटीत भरतात, वर नाकाचं आणि खाली तोंडाचं अस्तर शिवतात. सुळा मग त्या नव्या हाडातून खाली येतो.

पहिली पायरी: वेळ ठरवा, पण वाढदिवसावरून नाही

बहुतेक मुलांत हे ऑपरेशन ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान होतं, पण वय हा फक्त अंदाज. खरं घड्याळ म्हणजे सुळ्याचं मूळ. एक्स-रेमध्ये फटीजवळच्या सुळ्याचं मूळ साधारण अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालेलं दिसलं आणि दात अजून हाडाच्या आत असला, की वेळ आली. फट असलेल्या मुलांत कायमचे दात बरेचदा उशिरा तयार होतात, त्यामुळे वर्गातल्या मुलांशी तुलना करून उपयोग नाही.

हीच वेळ का? फार लहानपणी हाड भरलं तर वरच्या जबड्याची वाढ खुंटते. तान्ह्या वयात हाड भरण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी याच कारणाने मागे पडली. आठ-नऊ वर्षांपर्यंत जबड्याच्या पुढच्या भागाची रुंदी आणि पुढची वाढ बरीचशी झालेली असते, त्यामुळे तेव्हा नुकसान कमी. उलट, सुळा फटीत उतरेपर्यंत थांबलं तर उघड्या पडलेल्या मुळावर हाड नीट चढत नाही. बॉयन आणि सँड्स या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याच्या याच काळात ग्राफ्ट करण्याची पद्धत मांडली. ओस्लोच्या बर्गलँड, सेंब आणि अबिहोम यांनी १९८६ मध्ये भरलेल्या हाडाची उंची एक्स-रेवरून चार श्रेणींत मोजण्याची रीत दिली. आजही अनेक टीम तीच रीत वापरतात.

एक अपवाद. फटीपलीकडे बाजूचा पटाशीचा दात असेल आणि तो चांगल्या आकाराचा, वाचवण्याजोगा असेल, तर ग्राफ्ट थोडा आधी करावा लागू शकतो, कारण हा दात सुळ्याच्या आधी येतो. बऱ्याच मुलांत मात्र हा दात नसतोच, किंवा काडीसारखा बारीक असतो.

ऑर्थोडॉन्टिस्टच्या (वायर लावून दात सरकवणाऱ्या तज्ज्ञाच्या) कामाला लागणारा वेळ ऑपरेशनच्या तारखेतून मागे मोजायचा. वरच्या दातांची कमान रुंद करायला तीन ते सहा महिने, ती धरून ठेवायला आणखी काही महिने. म्हणून पहिली भेट मूल सात वर्षांचं असताना झाली तर उत्तम. नवव्या वर्षी आलात तरी काही बिघडत नाही. फक्त सुळ्याचा एक्स-रे आधी काढा आणि मग बोला.

दुसरी पायरी: आधी कीड, मग वायर

फटीजवळचे दात वाकडे, एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांचं आवरण अनेकदा जन्मतःच कच्चं असतं. ओठावरच्या व्रणामुळे ओठ नीट उचलत नाही, म्हणून ब्रश तिथे पोचत नाही. कीड लागायला एवढं पुरतं. कीड असलेल्या दाढेवर बँड (वायर धरणारं धातूचं कडं) बसवला तर आतून दात पोखरतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. शिवाय ग्राफ्टचा सगळ्यात मोठा शत्रू जंतुसंसर्ग. तोंड अस्वच्छ असेल तर भरलेलं हाड विरघळून जातं आणि मुलाने सोसलेलं सगळं पाण्यात जातं.

त्यामुळे बालदंततज्ज्ञांकडून सगळे दात तपासून, भरून घ्या, फ्लोराइड लावून घ्या. घरी लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्या. मुलाला आरशासमोर उभं करा, तुम्ही मागे उभे राहा, एका बोटाने ओठ वर उचला आणि फटीच्या दोन्ही काठांवरचे दात एकेक करून घासा. रात्रीचं ब्रशिंग तुम्हीच करा. आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला ही सफाई येत नाही. मुलं फटीपाशी ब्रश न्यायला घाबरतात, कारण तिथे लहानपणी दुखलेलं असतं. ती भीती आधी जायला हवी. हिरडीतून रक्त येतं म्हणून घासणं थांबवू नका. रक्त येतंय ते बहुधा घासलं जात नाही म्हणून.

तिसरी पायरी: नोंदी

वरच्या आणि खालच्या दातांची मापं किंवा डिजिटल स्कॅन, फोटो, ओपीजी (सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे) आणि फटीजवळचा जवळून काढलेला एक्स-रे. अनेक ठिकाणी सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढतात. त्यात फटीची रुंदी आणि फटीला लागून असलेल्या दातावरचं हाड किती पातळ आहे हे तिन्ही बाजूंनी दिसतं. मुलाला विनाकारण जास्त किरण नकोत, म्हणून तोच स्कॅन सर्जनलाही चालेल का हे आधीच विचारा. दोन ठिकाणी दोनदा काढण्यात काही अर्थ नाही.

मापं घेताना एक काळजी घ्यावी लागते. टाळूत भोक असेल तर मापाचा मसाला त्यात अडकू शकतो. भोक कुठे आहे ते डॉक्टरांना आधी सांगा, ते गॉजने झाकून माप घेतील.

चौथी पायरी: कमान रुंद करणं

सगळ्यात जास्त वेळ आणि प्रश्न या पायरीत जातात.

टाळू शिवल्यावर तिथे व्रण होतो आणि व्रण आकसतो. त्या ओढीने फटीच्या पलीकडचा लहान तुकडा आत फिरतो. दाढांपाशी थोडा, सुळ्यापाशी जास्त. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसू लागतात. याला आम्ही उलटा चावा म्हणतो. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतील तर सर्जनला फटीच्या आत हात घालायलाही जागा मिळत नाही. तुकडे बाजूला सरकवून कमानीला आकार दिला की फट सरळ, उघडी दिसते आणि हाड नीट दाबून भरता येतं.

यासाठी बहुतेक वेळा क्वाड हेलिक्स वापरतो. मागच्या दोन दाढांवर बँड आणि त्यांना जोडलेली जाड स्टीलची वायर, तिला चार गोल वेटोळी. वायर हाताने थोडी पसरवून बसवली की ती हळूहळू आपल्या जागी यायला बघते आणि दातांना बाहेर ढकलते. तिचे पुढचे हात वेगळे पसरवता येतात, त्यामुळे सुळ्यापाशी जास्त आणि दाढांपाशी कमी रुंदी मिळते. फट असलेल्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. साधारण दर सहा आठवड्यांनी ती तपासून पुन्हा ताणायची. घरी काही फिरवावं लागत नाही, ही तिची मोठी सोय.

दुसरा प्रकार स्क्रूचा. मधोमध स्क्रू असतो आणि घरी चावीने फिरवावा लागतो. एक पाव फेरी म्हणजे सुमारे ०.२५ मिमी. दाढा जागेवर असतील आणि फक्त पुढचा भाग अरुंद असेल तर पंख्यासारखा पुढेच उघडणारा स्क्रू मिळतो. फेऱ्या किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टर लिहून देतात. एक वही करून प्रत्येक फेरीची तारीख लिहा. आईने सकाळी फिरवलं आणि बाबांनी रात्री पुन्हा फिरवलं, असं घडतं.

स्क्रूने जबडा झपाट्याने रुंद केल्यावर पुढच्या दोन दातांमध्ये फट पडलेली तुम्ही इतर मुलांत पाहिली असेल. एका बाजूची फट असलेल्या तुमच्या मुलात तसं सहसा होत नाही. इथे टाळूचा मधला सांधा उघडायचा नसतो, आधीच सुटे असलेले तुकडे सरकतात. त्यांना हळू सरकवलं तरी ते सरकतात, म्हणून घाई करणारी जोरदार यंत्रं मला पसंत नाहीत.

पहिले चार-पाच दिवस लाळ जास्त सुटते, काही अक्षरं अडखळतात, जिभेवर वायरचा ठसा उमटतो. हे सगळं ठीक आहे. दाढा थोड्या ठणकतात, मऊ खायला द्या. चिकट आणि कडक पदार्थ बंद, कारण बँड निघतो तो नेहमी त्यांच्यामुळेच. वायरखाली अडकलेलं अन्न सुई नसलेल्या पिचकारीतून पाण्याची हलकी धार मारून काढा.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही घाबरून रात्री फोन कराल. कमान रुंद होऊ लागली की पाणी, दूध नाकातून येऊ शकतं, किंवा आधी येत होतं त्यापेक्षा जास्त येऊ लागतं. नवीन भोक पडलेलं नसतं. दोन तुकडे एकमेकांवर चढून ते भोक झाकून होते, आता ते उघडं झालं. बोलताना हवा नाकातून सुटते, त्यामुळे बोलणं काही महिने थोडं बिघडल्यासारखं वाटू शकतं. स्पीच थेरपिस्टना ही कल्पना द्या, नाहीतर त्यांना वाटेल मूल मागे चाललंय. ग्राफ्टच्या वेळी सर्जन हे पुढचं भोकही शिवतात. मुलाला शाळेत पाणी पिताना लाज वाटत असेल तर मान थोडी खाली ठेवून लहान घोट घ्यायला शिकवा.

किती रुंद करायचं? जेवढं लागेल तेवढंच. जास्त रुंद केलं तर फट मोठी होते, हाड जास्त लागतं आणि ती बंद करायला वरची हिरडी ताणावी लागते. 'आणखी थोडं करून घेऊ, नंतर कामाला येईल' हा विचार इथे चालत नाही. काही सर्जनना तर फट अरुंद असतानाच हाड भरणं आवडतं, आणि रुंदीकरण ग्राफ्टनंतर करतात. ही पद्धतही चुकीची नाही. त्यामुळे वायर बसवण्याआधी सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट यांचं एकमेकांशी बोलणं झालंय का, हे तुम्ही विचारा. आणि ज्या मुलाच्या कमानीचा आकार बरा आहे, फटीपर्यंत सर्जनचा हात पोचतोय, त्याला यातलं काहीच लागत नाही. थेट ऑपरेशन करता येतं. वायर लावली नाही म्हणजे उपचार अर्धवट राहिले असं समजू नका.

पाचवी पायरी: पुढचा वाकडा दात, आणि हात आवरणं

फटीला लागून असलेला मधला पटाशीचा दात गोल फिरलेला आणि फटीकडे कललेला असतो. फोटोत सगळ्यांची नजर तिकडेच जाते, मुलंही त्याच दातावरून चिडवतात. म्हणून तो सरळ करण्याचा आग्रह होतो.

अडचण अशी की त्याच्या फटीकडच्या बाजूला हाडाचा फक्त पातळ पापुद्रा असतो. दात दिसायला फटीकडे झुकलेला असला तरी त्याचं मूळ फटीपासून दूर, हाडात सुरक्षित असतं. वरचा भाग सरळ केला की मूळ उलट दिशेने, म्हणजे फटीत सरकतं, पापुद्र्याबाहेर पडतं आणि उघडं होतं. तिथे हाड पुन्हा मिळवणं कठीण. सरळ दिसणारा पण मुळाशी उघडा पडलेला दात म्हणजे आधी कळस, मग पाया.

म्हणून ग्राफ्टआधी या दाताला हात लावायचा तो दोनच कारणांसाठी: तो खालच्या दातावर आपटून झिजत असेल, किंवा सर्जनच्या वाटेत येत असेल. तेव्हाही चार पुढचे दात आणि दोन दाढा एवढ्यांवरच पट्ट्या लावायच्या, वायर हलकी ठेवायची आणि ब्रॅकेट (दातावर चिकटवायचा, वायर धरणारा छोटा तुकडा) मुद्दाम तिरकं चिकटवायचं, म्हणजे मुळाचा कल बदलत नाही. दात फक्त थोडा फिरवायचा. बाकी काम ग्राफ्टनंतर. मूल चिडवलं जात असेल तर ते मात्र गंभीरपणे घ्या. शाळेशी बोला, गरज असेल तर समुपदेशकाची मदत घ्या.

फट दोन्ही बाजूंना असेल तर

इथे मधला तुकडा, ज्यात पुढचे दात असतात, दोन्हीकडून सुटा असतो. बोटाने दाबलं तर हलतो. ऑपरेशननंतर तो हलत राहिला तर दोन्हीकडचं हाड जुळत नाही, जसं प्लॅस्टरशिवाय मोडलेलं हाड जुळत नाही. म्हणून बाजूचे तुकडे रुंद करून मधल्याला बसायला जागा करायची, तो फार खाली लोंबत असेल किंवा पुढे आलेला असेल तर शक्य तेवढा जागेवर आणायचा, आणि ऑपरेशनआधी जाड चौकोनी वायरने किंवा स्प्लिंटने (दातांवर बसवायच्या आधारपट्टीने) तिन्ही तुकडे एकत्र बांधायचे. हे बांधकाम ऑपरेशननंतरही काही आठवडे काढायचं नाही. या तुकड्याचा रक्तपुरवठा नाजूक असतो, त्यामुळे काही सर्जन एकेक बाजू वेगळ्या वेळी भरतात.

सहावी पायरी: जास्तीचे दात काढणं

फटीत बरेचदा दुधाचा एखादा दात रेंगाळलेला असतो किंवा वाकडातिकडा जास्तीचा दात आलेला असतो. ग्राफ्टच्या जागी तो नको. मात्र ऑपरेशनच्या टेबलावर तो काढला तर हिरडीत ताजी जखम राहते आणि शिवायला धड कातडी मिळत नाही. म्हणून असे दात साधारण सहा ते आठ आठवडे आधी काढून घ्या. तोवर हिरडी भरून येते. फटीत काढायला अवघड असा दात हाडात खोल असेल तर सर्जन तो ऑपरेशनच्या वेळीच काढतात. कुठला दात कुणी आणि कधी काढायचा याची यादी दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसत्या तोंडी निरोपावर एखादा चांगला दात निघण्याचा धोका असतो, कारण फटीजवळचे दात ओळखायला डॉक्टरांनाही अवघड जातात.

सातवी पायरी: धरून ठेवणं

हवी तेवढी रुंदी मिळाली की क्वाड हेलिक्स ताणणं थांबवायचं, पण काढायची नाही. व्रणाची ओढ कायमची असते. वायर काढली तर आठवड्यांत तुकडे परत आत येऊ लागतात. ती तशीच ठेवा, किंवा तिच्या जागी टाळूवरून जाणारी साधी वायर बसवून घ्या. ग्राफ्टनंतरही ती तीन ते सहा महिने राहते, कारण नवीन हाड जुळेपर्यंत कमानीला तिचाच आधार.

काही सर्जनना टाळूकडून शिवायला मोकळी जागा हवी असते, तेव्हा वायर ऑपरेशनच्या आदल्या दिवसांत काढावी लागते. अशा वेळी घालायची-काढायची प्लेट आधीच तयार हवी. वायर ठेवायची की काढायची हे ऑर्थोडॉन्टिस्टने पत्रात लिहून द्यावं, आणि त्या पत्राची एक प्रत तुमच्या पिशवीत असावी.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे

ऑर्थोडॉन्टिस्टकडे एक शेवटची भेट घ्या: कुठलाही बँड सैल नाही ना, ब्रॅकेट निसटत नाही ना. भूल दिलेल्या मुलाच्या घशात सुटलेला तुकडा जाणं कुणालाच परवडणारं नाही. हिरड्या सुजलेल्या असतील तर व्यावसायिक सफाई करून घ्या. सर्जननी माउथवॉश लिहून दिलं असेल तर ते सांगितल्याप्रमाणेच वापरा. सर्दी, खोकला, ताप आला तर लपवू नका, लगेच कळवा. तारीख पुढे गेली तरी चालेल, वाहत्या नाकाने नाकाच्या तळाशी शिवण घालणं चालणार नाही. हलणारे दुधाचे दात मोजून भूलतज्ज्ञांना सांगा. मुलालाही स्पष्ट सांगा की कमरेपाशी छोटी जखम असेल आणि काही दिवस लंगडत चालावं लागेल. तोंडापेक्षा कंबरच जास्त दुखते, हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटतं.

ऑपरेशननंतर वायरचं काय

काही आठवडे मऊ आहार, नाक शिंकरायचं नाही, आणि टाके भरेपर्यंत फटीच्या जागी ब्रश न फिरवता सर्जन सांगतील तशी सफाई. बाकीचे दात मात्र पहिल्या दिवसापासून घासायचे. वायर तशीच. साधारण तीन महिन्यांनी, एक्स-रेमध्ये हाड बसलेलं दिसलं की फटीजवळचा दात हळूहळू सरळ करायला हरकत नाही. नव्या हाडाला दातांचा भार मिळाला नाही तर ते कमी होत जातं, म्हणून फार वाट पाहण्यातही शहाणपण नाही. वरचा जबडा मागे असेल तर याच सुमारास तो पुढे ओढणाऱ्या, चेहऱ्यावर लावायच्या मास्कचा विचार होतो. सगळ्या दातांच्या पूर्ण ब्रेसेस मात्र बारा-तेराव्या वर्षी, कायमचे दात आल्यावर.

त्याआधीच्या प्रत्येक भेटीत विचारायचा प्रश्न एकच: सुळा कुठे आहे? दर काही महिन्यांनी बोटाने हिरडी चाचपून आणि गरजेनुसार एक्स-रे काढून तो खाली सरकतोय का ते पाहतात. बहुतेक सुळे आपणहून येतात. एखादा अडकतो. मग हिरडी थोडी उघडून त्याला एक छोटी साखळी चिकटवतात आणि ऑर्थोडॉन्टिस्ट त्याला हळूहळू ओढून घेतो.